मामीच्या फाईलवरची लाल अक्षरं आणि मेडिक्लेमचा फॉर्म

परवा पोवई नाक्यावरचा एजंट मामीचा मेडिक्लेमचा फॉर्म भरायला घरी आला, बीपी, शुगर विचारून झालं आणि मग आलं 'कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?', मामी म्हणाली पेनिसिलीनची (जंतू मारायचं अँटिबायोटिक), तसा गड्याचा पेन तिथंच थांबला. "ते कशाला लिवायचं मामी, उगं फाटे फुटतेत." दवाखान्याच्या फाईलवर लाल पेनानं लिहिलंय खरं, पण झालं काय होतं तर सहावीत असताना ताप आला, इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी अंगभर पुरळ. बस्स, एवढंच.

गंमत म्हणजे पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहातल्या साधारण नऊ जणांना टेस्ट केल्यावर ती निघतच नाही. बऱ्याचदा ताप व्हायरसचा, पुरळही त्याचंच, पावती मात्र फाटते औषधाच्या नावानं. जुलाब, मळमळ हे तर नुसते साइड इफेक्ट. लगेच उठणाऱ्या खऱ्या अ‍ॅलर्जीत शरीरानं त्या औषधाविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी तयार करून ठेवलेली असते, डोस गेला की काही मिनिटांत नाहीतर तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, बीपी एकदम खाली येतं. तिथं चेष्टा नाही, जीव जातो. पण हीसुद्धा विरत जाते, खरी अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांची १० वर्षांत गेलेली असते.

मग शिक्का राहिला तर बिघडतं काय? डॉक्टर पेनिसिलीनच्याच घराण्यातलं साधं स्वस्त अमॉक्सिसिलीन सोडून दुसरं काहीतरी देतात, ते बऱ्याचदा महाग असतं, आतड्यातले चांगले जंतूही मारतं, मग वेगळेच जुलाब लागतात आणि दवाखान्यातला मुक्काम वाढतो. विम्याची रक्कम तेवढीच, बिल मोठं.

आता फॉर्मचं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांत आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला, त्यामुळं मामीचं सहावीतलं पुरळ त्यात बसायचं नाही. तरी फॉर्मात विचारलंय म्हणजे खरं सांगायचं, कारण पहिले ६० महिने माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम अडवू शकते, त्यानंतर फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच. हे एजंटला माहीत नसावं असं मला वाटत नाही, त्याला फॉर्म लवकर उरकायचा असतो.

टेस्ट मात्र खिशातून करावी लागणार, कारण नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालं तर मेडिक्लेम सहसा पैसे देत नाही. आधी त्वचेवर टोचून बघतात, मग डॉक्टरांसमोर थोडा डोस तोंडावाटे. घरी गोळी खाऊन बघायचा उद्योग करू नका, आणि पूर्वी कातडी सोलली होती, तोंडात फोड आले होते असं असेल तर ही टेस्टही नको.

मामीच्या फॉर्मात शेवटी लिहिलं, 'लहानपणी पेनिसिलीनच्या इंजेक्शननंतर पुरळ, दम लागला नाही, अ‍ॅडमिट नाही, नंतर घेतलेलं नाही.' एजंटनं दोनदा वाचलं, "लईच लिवलंय," म्हणला, आणि चहा पिऊन फॉर्म घेऊन गेला.