पान उलटून बघण्याआधी

ऑक्टोबर छाटणी झाली की जुन्नर-नारायणगावकडचा द्राक्ष बागायतदार सकाळी बागेत शिरताच आधी पान उलटून बघतो. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, की डाऊनी हा बुरशीचा रोग आला. पण दिसली म्हणजे उशीरच झालेला असतो. पान ओलं असताना बुरशी खालच्या रंध्रांतून आत शिरते आणि डाग काही दिवसांनी उमटतो. म्हणून पान किती तास ओलं राहिलं, रात्री पारा कुठे होता, पुढे पाऊस आहे का, हे कळलं तरच फवारणी वेळेवर होते.

त्यासाठी पिकाच्या उंचीवरची हवा मोजावी लागते. आपल्याकडे ते शास्त्र पुण्यात रुजलं. रिक्षावाल्याला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो ज्या चौकात आणून सोडतो, तिथल्या हवामान खात्यात १९३२ साली कृषी हवामान विभाग सुरू झाला. प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री सगळ्यात थंड जमीनच असणार, अशी तेव्हा समजूत होती. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना मात्र सगळ्यात थंड हवा जमिनीपासून वीत-दोन वीत वर सापडली. मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हणून अनेकांनी ते मानलंच नाही. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी तेच मोजलं गेलं आणि आज त्याला ‘रामदास थर’ म्हणतात. कोवळी रोपं नेमकी याच उंचीवर रात्र काढतात!

अशा मोजमापासाठी सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता नोंद घ्यायची, तीही वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकवता. या कामाला पैसा कोण देणार? औषधाची बाटली विकून दुकानदाराला चार पैसे सुटतात, पण ‘या आठवड्यात फवारू नका’ या सल्ल्याचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं? त्यातून वाचलेला पैसा हजारो शेतकऱ्यांच्या खिशात थोडा थोडा राहतो. म्हणूनच हा खर्च सरकारने करायचा असतो. तरी आपण शेती संशोधनावर शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या अर्धा टक्काही खर्च करत नाही.

२०१८ पासून देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली. त्यांची संख्या १९९ झाली. केंद्रात एक तज्ज्ञ आणि एक निरीक्षक, एवढाच पसारा. मार्च २०२४ नंतर निधी थांबला आणि ती बंद पडली. मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. यंत्र तापमान सांगेल. पण आपल्या तालुक्यात बागा फुलोऱ्यात आहेत की मणी धरलेत, त्यावरून आज काय करायचं, हे तिथलाच माणूस सांगू शकतो.

कृषी विद्यापीठांतली केंद्रं अजून मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला काढतात. पण एकेका केंद्राकडे कितीतरी जिल्हे असतात, आणि आपल्या एका पुणे जिल्ह्यातच जुन्नरला ढग दाटलेले असताना इंदापूरला कडक ऊन असतं.