पिशवी कशाला हवी?

बीडकडे गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात आणि ‘पिशवी काढली’ हे दाढ काढल्यासारखं सांगितलं जातं. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे याच्या चौकशीसाठी नेमलेल्या, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

कुणी त्यांना बांधून टेबलावर नेलं नव्हतं. आपल्या पायांनी त्या दवाखान्यात गेल्या होत्या. म्हणून तर मागचा इतिहास बघावा लागतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, पाच-सहा महिने उसाच्या फडावर राहायचं आणि तोडलेल्या टनांवर उचल फेडायची. पश्चिम महाराष्ट्रात १९५० नंतर सहकारी कारखाने उभे राहिले, १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू बीड-पाथर्डीकडची माणसं घराबाहेर काढली आणि हे स्थलांतर पक्कं झालं. एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापतात; २०१९ च्या सुमारास पाचशे रुपये कापायचे. राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना संडास, ना पुरेसं पाणी. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं, पाळी असली तरी. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं यावर औषधाने भागलं असतं. पण डॉक्टर ‘कॅन्सर होईल’ म्हणतो आणि पिशवीच नसली तर पाळी नाही आणि पाळीचा खाडाही नाही, हा हिशोब डोक्यात असतोच.

त्यात आणखी एक विचार मिसळतो: मुलं झाली, नसबंदीचं ऑपरेशनही झालं, आता पिशवी कशाला हवी?

हा विचार बाईच्या डोक्यात आपोआप आलेला नाही. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. तेव्हाची मोहीम मुख्यतः पुरुषांवर चालली. १९७७ च्या निवडणुकीत तिची किंमत मोजल्यावर सरकारांनी पुरुषांचा नाद सोडला आणि कुटुंबनियोजनाचा सगळा भार बायकांवर आला. आज खेड्यात नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं तरी ते बाईचंच समजतात. बाळंतपण आणि नसबंदी, एवढ्यासाठीच बाईची सरकारदरबारी नोंद. पाळीच्या, पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीला त्यात जागा नव्हती. गर्भाशय काढलं का, हा प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदा आला तो २०१५-१६ मध्ये.

दुसरी वाटही याच राज्यात निघाली होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं, की बाळंतिणीला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि मालक बायकांना कामावर घेतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून; तेव्हा त्यानेही भार उचलावा. १९२९ मध्ये कायदा झाला. काम शरीराकडे बघून आखायचं, हे तत्त्व त्यात होतं. पण तो कायदा गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांपुरता. फडावरची बाई कारखान्याच्या लेखी मुकादमाची आणि मुकादमाच्या लेखी नवऱ्याच्या कोयत्याची अर्धी बाजू.

१९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता राखणं अवघड जातं, हे कारण. सोय सांभाळणाऱ्यांची होती. स्त्री संघटनांनी मोठा विरोध केला. त्याच वर्षी शिकागोत काळ्या स्त्रियांच्या एका गटाने ‘प्रजनन न्याय’ ही संकल्पना मांडली: निवडीचा हक्क कागदावर असून भागत नाही, निवडता येईल अशी परिस्थिती हवी. मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क, तिन्ही बरोबरीने. शिरूरच्या मुलींना यातलं काय लागू करायचं, हा अवघड प्रश्न आहे. बीडच्या बाबतीत मात्र मला तो तितका अवघड वाटत नाही.

२०१९ नंतर बीडमधल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. डॉक्टरवर लगाम आला, खाड्यावर नाही. बिहार-छत्तीसगडमध्ये सरकारी विम्याचे पैसे लाटण्यासाठी गर्भाशयं काढल्याचे आरोप झाले. बीडच्या अनेक बायकांनी मात्र ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडूनच उसने घेतले. ते पुढच्या हंगामाच्या उचलीत चढले आणि फेडायला त्या पुन्हा फडावर गेल्या.