अर्काभोवतीचं कडं

स्टीलच्या कॉर्क बोररने, म्हणजे धारदार नळीने, जिवाणू पसरलेल्या अगरच्या जेलीला गोल भोक पाडायचं, त्यात पानांचा अर्क सोडायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी जिवाणूंच्या धुरकट थरात भोकाभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत, की पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्याने तुळस, कडुनिंब, हळद यांपैकी काहीतरी असं तपासलेलं असतंच.

यातला अगर आला स्वयंपाकघरातून. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन असे. ते उबेत वितळायचं आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकायचे. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे यांनी जेलीसाठी वापरतात तो समुद्रशैवालाचा अगर सुचवला. पेट्री यांची झाकणाची ताटली १८८७ ची.

कडं मोजायची पद्धत मात्र पेनिसिलिनच्या काळात रुळली. ऑक्सफर्डला नॉर्मन हीटली अगरवर छोट्या नळकांड्या उभ्या करून पेनिसिलिनची ताकद कड्याच्या व्यासावरून काढत. बुरशीत औषध सापडलं, मग झाडांत का नसावं? १९४३ मध्ये ऑसबॉर्न यांनी सुमारे २,३०० वनस्पतींचे रस तपासले. एवढी मेहनत आजही थक्क करते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लसणातलं ॲलिसिन वेगळं झालं. आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींच्या औषधी तपासणीचा पहिला भाग १९६८ मध्ये प्रसिद्ध केला.

इथे एक अडचण आहे आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. कड्याचा आकार नुसत्या मारकशक्तीवर ठरत नाही. पदार्थ अगरमध्ये किती पसरतो, यावरही ठरतो. अगरमध्ये बहुतेक पाणीच असतं आणि हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. १९६६ ची बाउर-कर्बी चकती पद्धत (भोकाऐवजी औषध भिजवलेली कागदी चकती ठेवायची) ठरावीक मात्रेच्या, शुद्ध प्रतिजैविकांसाठी बांधलेली. तिचे कड्याच्या मापांचे तक्ते काढ्याला लावणं चूकच. म्हणून १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एलॉफ यांनी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत नेऊन रंगद्रव्य घालायची रीत मांडली. जिवाणू जिवंत असतील तर खळगा लाल होतो.

तरीही काही गोष्टी निसटतात. दारुहळदीतलं जिवाणूरोधक बर्बेरीन स्टॅफिलोकोकस जिवाणू आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकतो. २००० मध्ये दारुहळदीच्या अमेरिकेतल्या भाऊबंद झुडपांत दुसरं एक द्रव्य सापडलं. ते हा पंपच अडवतं आणि बर्बेरीन आत टिकतं. एकट्याने तपासलं, तर हे दुसरं द्रव्य त्या जिवाणूला काहीच करत नाही.