प्रतिबिंबी रेणूंचे संश्लेषण (औषधनिर्मितीतील)

काही रेणू आणि त्यांचे आरशातील प्रतिबिंब डाव्या-उजव्या पंजांसारखे असतात. घटक अणू तेच, जोडणीही तीच, पण एक दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही. कार्बनच्या एका अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की अशी जोडी संभवते. तिच्यातील हवे तेच रूप घडवण्याच्या पद्धतीला असममित संश्लेषण म्हणतात. दोन्ही रूपांचे द्रवणांक व उत्कलनांक सारखेच असतात, शरीराला मात्र ती वेगळी भासतात, कारण आपली प्रथिने एकाच बाजूच्या, डाव्या, अमिनो आम्लांची बनलेली आहेत. याचा पडताळा स्वयंपाकघरातही मिळतो: बाळंतशोपा आणि पुदिना यांच्या वासामागे कार्व्होन हाच रेणू आहे, फक्त बाळंतशोपांत त्याचे एक रूप असते आणि पुदिन्यात दुसरे.

औषधांत हा भेद मात्रेवरच दिसतो. सर्दी-ॲलर्जीसाठी दोन्ही रूपांचे मिश्रण असलेले सेटिरिझिन १० मिलिग्रॅम देतात, तर त्याचे एकच रूप असलेले लिव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम पुरते. रक्तदाबावरील अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, तर एस-अम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम. पुण्यातील औषधांच्या दुकानांत या दोन्ही जोड्या मिळतात. गर्भवतींनी घेतल्याने बाळांत जन्मजात व्यंगे निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचे उदाहरण नेहमी दिले जाते (एक रूप ‘चांगले’, दुसरे घातक), पण ते अर्धवट सांगितले जाते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या आणि १९६१ मध्ये मागे घेतलेल्या या औषधाची दोन्ही रूपे शरीरात एकमेकांत बदलतात, त्यामुळे नुसते ‘चांगले’ रूप वेगळे काढूनही गर्भावरील अनर्थ टळला नसता.

लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले. चिंचेत आणि द्राक्षांत आढळणारे हेच आम्ल एकाच बाजूचे असते. ते दोन्ही रूपांच्या मिश्रणातील आम्लारिधर्मी औषधाशी जोडले की तयार होणाऱ्या दोन क्षारांची विद्राव्यता वेगवेगळी असते आणि त्यांपैकी एक आधी स्फटिकरूपात बाहेर पडतो. कारखान्यांत ही पद्धत आजही रूढ आहे. मात्र नको असलेले रूप परत वापरता आले नाही, तर निम्मा माल वाया जातो. म्हणून स्वतःच एका बाजूचा असलेला उत्प्रेरक वापरून सुरुवातीपासून एकच रूप घडवणे ही खरी प्रगती होय. रसायनशास्त्रज्ञ विल्यम नोल्स यांनी कंपवातावरील एल-डोपा हे औषध असेच बनवले. २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना र्‍योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांच्यासह मिळाले.

पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) असममित संश्लेषणावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. त्याआधीपासून ही किमया निसर्गाला साधलेली आहे. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ज्या पेनिसिलिनचे उत्पादन केले, त्याच्या गाभ्यात चार वेगवेगळे गट जोडलेले तीन कार्बन अणू असतात; म्हणजे आठ (२×२×२) रूपे संभवतात, आणि बुरशी त्यांतील एकच तयार करते.