रंगाखालचं पाणी

खंडेनवमीला गाडी धुताना मागच्या मडगार्डवर एक फुगवटा दिसला. नखानं दाबला तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि खालून तांबडी भुकटी गळाली. गाडी वडिलांची, येझदी मोटारसायकल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. १९६१ साली सुरू झालेला तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे मूळचा मडगार्ड आता सहजी मिळत नाही. आहे तोच पत्रा वाचवायचा.

लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पत्रा भिजलेला दिसायची गरज नसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजाला तेवढा पुरतो. त्या थरात एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात, शेजारच्या जागी पाण्यात मिसळलेला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो. पत्र्यावर अशा असंख्य चिमुकल्या बॅटऱ्या चालू असतात. तयार झालेल्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि तो वरच्या रंगाला उचलतो. तोच फुगवटा. म्हणून आमच्या बेळगाव जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीच्या पावसात उभी असलेली गाडी आणि अथणीच्या कोरड्या हवेत फिरणारी गाडी एकाच वर्षाची असली, तरी त्यांच्या पत्र्यांची वयं वेगळी असतात.

रंग म्हणजे पाणी अडवणारा कागद, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. तसं नाही. पाण्याची वाफ आणि प्राणवायू रंगाच्या थरातून हळूहळू आरपार जातातच. पत्रा वाचतो तो रंगाच्या पकडीमुळे. रंग धातूला इतका घट्ट चिकटलेला हवा, की आत आलेल्या पाण्याला पसरायला मधे फटच मिळू नये. पकड सुटली की तिथं पाणी साठतं. घरी रंगकाम करताना सगळी मेहनत त्या पकडीसाठी करायची, झळाळी नंतरची गोष्ट.

त्यामुळे गंजावर थेट रंग मारणं म्हणजे भुकटीवर भिंत बांधणं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा. खड्ड्यांत रुतलेला गंज कागदाला लागत नाही, तिथं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतात. ते गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. सांगितलेल्या वेळेनंतर पुसून, धुऊन पत्रा लगेच वाळवायचा आणि त्याच दिवशी प्रायमर द्यायचा. उघडा पत्रा आपल्याकडं रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस दिसतो. जुन्या पिवळ्या-तांबड्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असू शकतात, म्हणून तो थर कोरडा घासून धूळ उडवू नये. वॉटर पेपर घेऊन ओलाच घासावा आणि मुलांना लांब ठेवावं. अॅल्युमिनियमच्या भागांवर स्वतःच्या ऑक्साइडचा पातळ, गुळगुळीत थर असतो. त्यावर साधा प्रायमर टिकत नाही, धातूला आम्लानं किंचित खरवडून पकड धरणारा एच (etch) प्रायमर लागतो.

घासून झाल्यावर एक चाचणी करतो, फार आवडती. स्वच्छ पाणी भागावर ओतायचं. पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. मधेच फाटून थेंब झाले तर तिथं तेल किंवा मेण आहे. सर्वात वाईट सिलिकॉन. टायर चमकवायच्या आणि प्लास्टिकच्या पॉलिशमध्ये ते असतं. त्याचा पृष्ठताण रंगापेक्षा कमी, म्हणून ओला रंग त्या ठिपक्यापासून मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वरून कितीही हात मारले तरी ते भरत नाहीत. चाचणीनंतर भाग पूर्ण वाळवायचा आणि थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसायचा, तोही एकाच दिशेनं.

खोक बुजवायला लांबी (पुट्टी) भरतो. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती ओल शोषते. म्हणून उघडी लांबी वॉटर पेपरनं घासू नये. आत राहिलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यात रंग फुगवतं.

मग हवा. मागं एका सप्टेंबरमध्ये मी साइड पॅनेलवर काळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्प्रे गननं मारला आणि दहा मिनिटांत तो दुधाळ राखाडी झाला. शेजारचे पेंटर मामा बघून म्हणाले, "आज गन धरायचीच नव्हती रे, हवा ओली हाय की." त्यांच्या बोलण्यामागचं गणित सरळ आहे. थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, तळहातावर घेतला की गार लागतो तसा. त्या दिवशी तापमान २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते तो, सुमारे २२ अंश येतो. पत्रा दोन-तीन अंश थंड झाला की हवेतलं पाणी ओल्या रंगावरच जमतं, थरात शिरतं आणि तो दुधी दिसतो. डिसेंबरच्या दुपारी २८ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १३ अंशांच्या आसपास राहतो, म्हणजे भरपूर अंतर. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं, हा रंगकामातला जुना नियम. बेळगावात मी आता दिवाळीनंतरच गन धरतो, तीही धुकं विरल्यावर, अकरा ते तीनमध्ये.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, म्हणजे एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर, घरी फवारू नका. एनसी रंग नुसता थिनर उडून वाळतो आणि थिनर लागला की परत विरघळतो. पीयूमध्ये रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात, म्हणून तो पेट्रोललाही दाद देत नाही. पण ती जोडणी करणारे आयसोसायनेट श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना बिचकलं की पुढं अगदी थोडी मात्राही त्रास देते. कापडी मास्क त्यांना अजिबात अडवत नाही. टाकीवर पेट्रोल सांडतं, तिला पीयूच लागतो, म्हणून ती मी रंगाचा बंदिस्त बूथ असलेल्या पेंटरकडं देतो. देण्याआधी ती रिकामी करतो, तरीही तिच्याजवळ ठिणगी किंवा हीटगन येऊ देत नाही. आत थेंब नसला तरी वाफ असते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी ती पेटते.

सायलेन्सरला साधा रंग जळतो. त्याला सिलिकॉन रेझिनचा उष्णतारोधक रंग लागतो, आणि तो पक्का होतो इंजिनच्याच उष्णतेनं, आधी थोडा वेळ, मग जास्त वेळ तापवून.

मडगार्डवर पातळ तीन हात दिलेत, दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं सोडून. वरून तो वाळलेला दिसतो, पण आतला थिनर अजून काही आठवडे निघत राहील. तोवर पॉलिश नाही, कव्हर नाही. मडगार्ड माळ्यावर दोरीला टांगलाय.