पार्श्वभूमी : परतणारा वाचक आणि सात दिवसांची मुदत

एकदा आलेल्या वाचकाने पुन्हा यावे ही इच्छा संकेतस्थळांइतकीच जुनी असली, तरी तो पुन्हा आला आहे हे ओळखण्याची सोय मूळ वेबमध्ये नव्हती. पान मागणारी प्रत्येक विनंती सर्व्हरच्या, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाच्या, लेखी नवीच असे. १९९४ मध्ये एका ब्राउझर कंपनीत कुकी, म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, जन्माला आली आणि तिचा पहिला प्रत्यक्ष उपयोग, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आलेली व्यक्ती पूर्वी येऊन गेली आहे का, हे तपासण्यासाठीच झाला. त्यानंतर बुकमार्क, ईमेल वार्तापत्रे आणि फीड (वाचकाने निवडलेल्या संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची आपोआप येणारी यादी) हे परतीचे मार्ग रुळले. त्यांपैकी फीडमध्ये सगळे नियंत्रण वाचकाच्या हाती होते; म्हणूनच जुलै २०१३ मध्ये एक लोकप्रिय फीड-वाचन सेवा बंद झाली, ही घटना तेव्हा वाटली त्याहून अधिक महत्त्वाची होती.

२०१५ पासून संकेतस्थळांना ब्राउझरमार्फत थेट सूचना पाठवता येऊ लागल्या. वाचकाने एक ओळही वाचण्याआधी परवानगी मागणारी चौकट समोर येऊ लागली आणि तिचा इतका अतिरेक झाला की २०२० च्या आरंभी एका ब्राउझरने, वाचकाने पानावर स्वतः काही कृती केल्याखेरीज ती चौकट दाखवणेच थांबवले.

मात्र अधिक वादग्रस्त ठरला तो २०१९ मधील निर्णय. एका प्रमुख ब्राउझरने पानावरील स्क्रिप्टने (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) ठेवलेल्या कुकींचे आयुष्य सात दिवसांवर आणले. तोपर्यंत वाचकसंख्या मोजणाऱ्या साधनांच्या कुकी दोन-दोन वर्षे टिकत असत. जाहिरातींसाठी वाचकांचा माग काढणाऱ्या यंत्रणा संकेतस्थळाच्या स्वतःच्या कुकींचा आडोसा घेत होत्या, त्यामुळे या निर्णयामागचे कारण रास्त होते. परंतु परिणाम सरसकट झाला. आठवड्याच्या आत येणाऱ्या वाचकाच्या कुकीची मुदत प्रत्येक भेटीत वाढत राही, तर महिन्यातून एकदा, गरज पडेल तेव्हा येणारा जुना वाचक दर वेळी ‘नवा’ म्हणून नोंदला जाई. संदर्भासाठी उघडल्या जाणाऱ्या संकेतस्थळांना याचा जाच विशेष झाला. त्यांचा निष्ठावान वाचक कायम होता, पण अहवालातून नाहीसा झाला. आणि अहवालावर विसंबलेल्यांनी त्याला परत आणण्यासाठी रोज काहीतरी नवे प्रकाशित करण्याचा, सूचनांचा मारा वाढवण्याचा मार्ग धरला. वाचक दुरावल्याचे निदानच चुकीचे असल्याने हा उपायही चुकीचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मार्च २०२० मध्ये त्याच ब्राउझरने स्क्रिप्टला ब्राउझरमध्ये माहिती ठेवता येईल अशा इतर साठ्यांनाही सात दिवसांची अट लावली. वाचकाने त्या अवधीत ब्राउझर वापरूनही संबंधित संकेतस्थळाकडे फिरकले नाही, तर साठवलेले पुसले जाऊ लागले. सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या कुकी या अटीबाहेर राहिल्या, त्यामुळे लॉगिन करून वाचणाऱ्यांची ओळख टिकली. वार्तापत्रांकडे आणि नोंदणीकडे संकेतस्थळे पुन्हा वळली, त्याचे एक कारण हे आहे. नव्या आणि जुन्या वाचकांचे २०१९ पूर्वीचे व नंतरचे आकडे एकाच आलेखावर मांडून केलेली तुलना याच कारणाने ग्राह्य धरता येत नाही.