नक्कल कधीपासून ‘चोरी’ झाली? बौद्धिक संपदेसाठी उद्योगांनी धरलेल्या आग्रहाची पार्श्वभूमी

पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचं संरक्षण वाढवा, अशी मागणी मोठ्या कंपन्या करतात तेव्हा ती एकाच वेळी दोन दारांवर ठोठावत असते. आपल्या सरकारला त्या सांगतात, घरचा कायदा कडक करा; आणि लगेच पुढे, बाहेरच्या देशांनाही तो करायला भाग पाडा. दुसरी मागणी एवढी जोरकस कशी झाली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१८७३ मध्ये व्हिएन्नाला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा परदेशी कारखानदार आपली यंत्रं पाठवायला कचरत होते. यंत्र मांडलं की त्याची नक्कल होणार आणि तिथल्या कायद्याने परक्याला दाद मिळणार नाही, ही भीती होती. शेवटी प्रदर्शनापुरता खास कायदा करावा लागला. त्याच वर्षी तिथे पेटंट परिषदही भरली आणि दहा वर्षांनी, २० मार्च १८८३ रोजी, ११ देशांनी पॅरिस करारावर सह्या केल्या. साहित्य आणि कलाकृतींसाठीचा बर्न करार १८८६ चा. दोन्ही करारांचा गाभा साधा होता : परक्यालाही आपल्या माणसाइतकंच संरक्षण द्या. पण आपल्या माणसाला पेटंट किती द्यायचं, कशावर द्यायचं, हे बहुतांशी ज्या त्या देशाच्या हातात राहिलं. नेदरलँड्सने तर १८६९ मध्ये पेटंट कायदाच रद्द केला होता. तो पुन्हा लागू व्हायला १९१२ उजाडलं.

अमेरिकेची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण पुढे याच देशातल्या कंपन्या या मागणीचा झेंडा घेऊन निघाल्या. १७९० च्या पहिल्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याने परदेशी लेखकांना उघडउघड वगळलं होतं. इंग्लंडमधली पुस्तकं अमेरिकेत परवानगीशिवाय छापली जात आणि ते पूर्ण कायदेशीर होतं. १८९१ मध्ये परदेशी लेखकांना हक्क मिळाले, तेही एका अटीवर : पुस्तकाचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) अमेरिकेतच जुळवले गेले पाहिजेत. मुद्रण व्यवसायाने ही अट घालून घेतली होती आणि पुढे सौम्य होत होत तिचा शेवटचा अवशेष थेट १९८६ मध्ये संपला. बर्न करारात अमेरिका १ मार्च १९८९ रोजी आली, म्हणजे करार झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी. एक गोष्ट मला इथे स्पष्ट दिसते. ज्ञान बाहेरून घ्यायचं असतं तोवर देशाला सैल कायदा सोयीचा वाटतो, आणि विकायला स्वतःचं ज्ञान हाताशी आलं की कडक कायदा हवासा होतो.

१९७० च्या दशकात बनावट मालाची तक्रार वाढली. जीन्सपासून सुट्या भागांपर्यंत नामांकित शिक्क्यांच्या नकला बाजारात येत होत्या. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींच्या टोकियो फेरीत बनावट मालाविरुद्ध नियमावली करण्याचा प्रयत्न फसला. पण औषध कंपन्यांचं दुखणं वेगळं होतं. भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट दिलं. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवणं भारतात पूर्ण कायदेशीर होतं. अमेरिकी कंपन्या त्याला चाचेगिरी म्हणू लागल्या.

या प्रचारात फायझरचे प्रमुख एडमंड प्रॅट आणि आयबीएमचे जॉन ओपेल पुढे होते. प्रॅट अमेरिकी सरकारला व्यापार वाटाघाटींबाबत सल्ला देणाऱ्या समितीचे अध्यक्षही होते. त्यांनी ओळखलं की जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत विकसनशील देशांची संख्या जास्त आहे आणि करार मोडणाऱ्याला शिक्षा करण्याची सोय तिथे नाही. व्यापाराच्या मंचावर मात्र दंडुका होता : माझ्या बाजारात माल विकायचा असेल तर माझं पेटंट मान. १९८४ मध्ये अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम ३०१ मध्ये, म्हणजे अन्यायकारक वागणाऱ्या देशांवर व्यापारी कारवाईची मुभा देणाऱ्या तरतुदीत, बौद्धिक संपदा घातली गेली. १९८८ मध्ये ‘स्पेशल ३०१’ आलं आणि बौद्धिक संपदेला पुरेसं संरक्षण न देणाऱ्या देशांच्या याद्या दरवर्षी निघू लागल्या. त्याच वर्षी औषध पेटंटांच्या वादात ब्राझीलच्या काही मालावर १०० टक्के आयात शुल्क बसलं. १९९१ मध्ये चीन आणि थायलंडसोबत भारताचं नाव सर्वांत कडक यादीत आलं.

दरम्यान १९८६ मध्ये, गॅटच्या वाटाघाटींची पुढची, उरुग्वे फेरी सुरू होण्याच्या काही महिने आधी, डझनभर अमेरिकी कंपन्यांनी इंटेलेक्च्युअल प्रॉपर्टी कमिटी स्थापन केली. तिने युरोपातल्या युनिस आणि जपानच्या केइदानरेन या उद्योगसंघटनांना सोबत घेतलं. जून १९८८ मध्ये या तिघांनी आपल्याला हव्या असलेल्या कराराचा आराखडा सरकारांपुढे ठेवला, आणि त्यातलं पुष्कळ काही ट्रिप्स करारात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या करारात उतरलं. १ जानेवारी १९९५ पासून तो लागू झाला. अर्ज केल्यापासून किमान २० वर्षांचं पेटंट, तेही औषधांसकट तंत्रज्ञानाच्या जवळपास सर्व क्षेत्रांत. विकसनशील देशांना मुदत मिळाली. भारताने २००५ मध्ये औषधाच्या उत्पादनालाच पेटंट देणं सुरू केलं.

माझ्या मते या मोहिमेचं खरं यश दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधण्यात होतं. बनावट औषध किंवा विमानाचा खोटा सुटा भाग जीव घेऊ शकतो. त्याविरुद्धची तक्रार रास्तच आहे. पण पेटंट किती वर्षांचं असावं हा धोरणाचा प्रश्न आहे, त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. दोन्हींना ‘चोरी’ हा एकच शब्द लावला की दुसऱ्या प्रश्नावरची चर्चाच खुंटते.

ही गाठ पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेत सैल झाली. एड्सच्या साथीत स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. जगभर संताप उसळला आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खटला मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने सांगितलं की ट्रिप्स करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये. घरच्या आघाडीवरही धक्के बसले. इंटरनेटवरच्या चाचेगिरीविरुद्धचं ‘सोपा’ (SOPA) नावाचं विधेयक जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी संसदेत बारगळलं, आणि त्याच वर्षी ४ जुलै रोजी युरोपीय संसदेने बनावट मालाविरोधी अ‍ॅक्टा करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडपुरते ट्रिप्सचे काही नियम स्थगित करण्याची मागणी केली. औषध कंपन्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. मे २०२१ मध्ये लशींपुरता पाठिंबा देणाऱ्या अमेरिकी सरकारवरही त्या नाराज झाल्या. १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत निर्णय झाला तो फक्त लशींच्या पेटंटांपुरता, पाच वर्षांसाठी. निदानाच्या चाचण्या आणि औषधं त्याबाहेरच राहिली.